अकरा मिनिटं

रोग्वी राहतो तिथे समुद्र चढत नाही.
थोर्सहाव्हनच्या धक्क्यावर ऐन उधाणाला पाणी
वीतभर हलतं, आणि विचार बदलल्यासारखं
पुन्हा जागेवर येतं.
तिथे बसून चौदा वर्षं हा माणूस
जगभरच्या भरती-ओहोटीचं गणित लिहितोय,
फेरीबोटीच्या तिकीट-कचेरीतून घरी आल्यावर,
रात्री, फुकट.

यास्ना राहते केमचीला, चिलीच्या पार दक्षिणेत.
तिथे सुकतीला होड्या चिखलात कुशीवर निजतात
आणि सहा तासांनी तीन पुरुष पाण्यावर डुलतात.
तिची आत्या तिसऱ्या काढायला उतरते.
आमच्या तक्त्यात केमचीची सुकती
अकरा मिनिटं उशिरा होती.
आत्या तक्ता बघून निघायची,
आणि बादली अर्धी असतानाच पाणी घोट्याला लागायचं.

यास्नाने दुरुस्ती पाठवली, सोबत पत्र:
नमस्कार, माझं इंग्रजी कच्चं आहे, माफ करा,
आमच्या गावात सगळे तुमचाच तक्ता बघतात,
आत्या ओल्या हाताने फोन धरते, मी ओरडते,
धक्क्याच्या खांबावर चाळीस दिवस खुणा केल्या,
फोटो जोडलेत,
चूक माझी असेल तर कृपया समजावून सांगा.

सतराव्या दिवशी रोग्वीचं उत्तर:
चाचणी नाही. बंद करतोय.

मी तिसरा.
न्यू ब्रन्सविकला, सेंट जॉनच्या बंदरावर माझी खिडकी.
किल्ली माझ्याकडेही आहे, वापरत नाही.
रोग्वीला एकदाच भेटलोय. त्याने माझ्यासाठी
वाऱ्यावर वाळवलेलं मटण आणलं होतं, कागदात गुंडाळून.
हातात दिलं, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.
त्याच्या लेखी कमी बोलणं म्हणजे
समोरच्याचा वेळ न खाणं.
बंद म्हणजे: चाचणी जोड, मग उघडू.
हे पुढचं वाक्य त्याने लिहिलंच होतं,
फक्त मनात.
यास्नाच्या गावात बंद म्हणजे बंद.
दुपारी एकची सरकारी खिडकी,
आणि आतल्या बाईचा चहाचा कप.

मला दोघंही कळत होते.
मी लिहायला घेतलं, यास्ना, तो रागावलेला नाही,
त्याच्याकडे दोनशे बारा पत्रं तुंबलीत, तू फक्त
खोडलं.
म्हटलं, प्रमुख तो. मध्ये पडणारा मी कोण?
मासा गरम केला, जेवलो, भांडी घासली.
या सगळ्याला अकरा मिनिटांहून जास्तच लागली असतील.

यास्ना भांडली नाही.
तिने सगळं गणित उचलून वेगळा फाटा काढला,
नाव ठेवलं आत्याचं.
आता तिकडे नऊ जण आहेत, लांबलचक पत्रं लिहितात,
एकमेकांच्या गुरांची चौकशी करतात,
आणि केमचीची सुकती केमचीच्या वेळेला येते.

इकडे मार्चमध्ये रोग्वीने सगळ्यांना लिहिलं:
चौदा वर्षं झाली. हात कमी पडतायत.
तक्ता सगळे वापरतात, मदतीला कोणी का येत नाही?
तीन वाक्यं. त्याच्या मानाने आक्रोश.
त्याखाली कोणीतरी हृदय चिकटवलं.
कोणीतरी म्हणजे मी.

परवा त्याने मला एकट्याला विचारलं:
ती केमचीची मुलगी. खुणा चांगल्या होत्या.
परत का आली नाही?

खाली बंदरात पाणी उतरत होतं,
खांबांचे हिरवे बुळबुळीत पाय उघडे पडत होते,
जे एरवी कोणाला दाखवत नाहीत.
मी बराच वेळ बोटं कळांवर ठेवून होतो.
मग लिहिलं, माहीत नाही.

लगेच उत्तर आलं, सतरा दिवस लागले नाहीत:
नुसता अंगठा.
होकाराचा असावा.